तुम्ही विचारलंत म्हणून: किळस येत नाही का?

प्राण्यांच्या आतड्यात राहणाऱ्या काटेरी डोक्याच्या कृमींवर काम करते म्हटलं की हाच प्रश्न येतो. पाठोपाठ दुसरा: त्यापेक्षा उपयोगाचं काही का नाही केलंत?

किळस येते. उघडलेल्या आतड्याच्या वासाची इतक्या वर्षांत सवय झालेली नाही. कृमीची मात्र किळस येत नाही.

पूर्वी मी बदकांची गोष्ट सांगून सुटका करून घ्यायचे. गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा एक इवलासा जीव एरवी चाहूल लागताच तळाशी पळतो. पोटात पॉलिमॉर्फस या काटेरी डोक्याच्या कृमीचं पिल्लू असलं की तोच उजेडाकडे येतो, पृष्ठभागावरच्या पानाला चिकटून बसतो आणि बदकाच्या पोटात जातो. वागण्यातला हा बदल बेथेल आणि होम्स या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवला. गोष्ट खरी आहे, पण माझं कारण ते नव्हे.

शिकत होते तेव्हाची गोष्ट. माशाच्या आतड्यात एकच पांढरा कृमी दिसला. घाईने चिमट्यात धरला आणि ओढला. धड हातात आलं, सोंड आतड्याच्या भिंतीतच राहिली. सुईने उकरायला गेले तर तिचाही चुरा झाला. या कृमींची ओळख बरीचशी सोंडेवरच्या आकड्यांवरून पटते: रांगा किती, एका रांगेत आकडे किती. आमच्या सरांनी भिंगातून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आता हा कोण होता, कसं सांगणार?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन रडले.

पुढचा कृमी मी भिंतीच्या तुकड्यासकट कापून काढला, हलक्या हाताने सोडवला आणि रात्रभर थंड पाण्यात ठेवला. सकाळी तो पाणी पिऊन टरारला होता, सोंड पूर्ण बाहेर. मागे वळलेले आकडे, रांगेमागून रांग. पिऊन म्हणते खरी, पण त्याला तोंडच नाही. आतडंही नाही. सगळं अन्न कातडीतून शोषतो.

तेव्हा वहीत मी लिहिलं होतं, 'ऱ्हास पावलेला जीव'. आज तो शब्द खुपतो. पण त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे रोटिफर, पाण्यातले सूक्ष्म जीव; त्यांच्यात बहुतेकांना तोंड आहे, आतडं आहे. म्हणजे यानं ते गमावलंच ना? त्या मुलीला सरसकट चूक म्हणायला मन धजत नाही.

उपयोग? डुकरांतला मोठा कृमी आतड्याला भोक पाडू शकतो, क्वचित माणसालाही होतो. पण मी त्यासाठी यात आले असं म्हणणं खोटं ठरेल.

त्या पहिल्या कृमीचं धड अजून माझ्याकडे कुपीत आहे. अल्कोहोल उडून जातं म्हणून अधूनमधून भरते. चिठ्ठीवर जातीची जागा कोरी आहे.