फॉरमॅटची एक टिक

"हे १०० एमबीचं चिल्लर पार्टिशन कशाला ठेवायचं? उडवू का?" लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स टाकताना एका मुलाने आज विचारलं. 'फॉरमॅट'च्या चौकोनात टिक पडलेलीच होती.

ते ईएफआय पार्टिशन, म्हणजे संगणक सुरू होताना लागणाऱ्या फाइलींसाठी डिस्कवर राखलेला छोटा भाग. त्याची फाइल साठवायची पद्धत फॅट३२. विंडोजचा बूटलोडर (विंडोज सुरू करणारा प्रोग्रॅम) तिथेच असतो, आणि लिनक्सचा बूटलोडर ग्रबही त्यातच आपलं वेगळं फोल्डर करून राहतो. म्हणून ते फक्त निवडायचं, माउंट पॉइंट (लिनक्समध्ये ते कुठल्या फोल्डरात दिसेल तो पत्ता) '/बूट/ईएफआय' द्यायचा आणि टिक काढायची.

ते फॉरमॅट झालं तर सी ड्राइव्हमधले फोटो, फाइली जागेवरच राहतात, पण विंडोज सुरूच होत नाही. मग विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून बूटलोडर परत बसवणारी 'बीसीडीबूट' कमांड चालवत बसा.

बाकीचं तसं सोपं. सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, हे खरंच विसरू नका. फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न करता अर्धवट झोपवणारी सोय) बंद करा. रूटला (लिनक्सची स्वतःची जागा) ४० जीबी, एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल पद्धतीत; उरलेली जागा होमला, म्हणजे आपल्या फाइलींना. हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) हवं असेल तर स्वॅप, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा, निदान रॅमएवढा.

त्या मुलाचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. इन्स्टॉलरमध्ये दिसणाऱ्या 'एनव्हीएमई०एन१पी१' अशा पार्टिशनच्या नावावरून नवख्याला काय कळणार? त्याला दिसतो तो फक्त आकार.

तुम्ही नवख्याला पार्टिशन शिकवताना सगळ्यात आधी काय सांगता?