नाव घातलेला डबा

भांड्यांवर नावं घालायची पद्धत ज्याने कुणी काढली, त्याच्या डोक्यात घटस्फोट नसणार. आमच्याकडे वाटणी नावं वाचून झाली. तरी बाबांच्या नावाचा एक स्टीलचा कडीचा डबा चुकून आईबरोबर नौपाड्यात आला. तिने तो टाकलाही नाही आणि परतही केला नाही. मी बाबांकडे कोपरखैरण्याला निघाले की नेमका तोच भरून द्यायची. थालीपिठं, नाहीतर गुळपोळ्या.

साल २००९, मी अकरा वर्षांची. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, असं १९५६च्या कायद्यात आहे. मी मोठी होते, म्हणून न्यायाधीश बाईंनी चेंबरमध्ये बोलावून विचारलं, "कुणाकडे राहायला आवडेल?" मी म्हटलं, "शाळा ठाण्यात आहे." या उत्तराचा मला अजून अभिमान आहे. खरं होतं आणि त्यात कुणाचंच नाव नव्हतं.

मग ठरलं: पहिला आणि तिसरा शनिवार-रविवार बाबांकडे. मे महिन्याची सुट्टी अर्धी, दिवाळीही अर्धी.

आठवीपासून एकटी जायला लागले. ठाण्याला दहा नंबरवरून लेडीज डबा. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. (दिघा गाव स्टेशन तेव्हा नव्हतं.) रबाळ्यापर्यंत मी ठाण्याची असायचे. घणसोलीला मामाने दिलेलं घड्याळ काढून दप्तरात टाकायचं आणि काय बोलायचं नाही त्याची उजळणी करायची. आईला बढती मिळाली, हे नाही. आई रात्री रडली, हे तर नाहीच. येताना तेच, उलट्या क्रमाने.

बाबांची आई डबा रिकामा परत पाठवणाऱ्यातली नव्हती. पहिल्याच वेळी तिने बेसनाचे चार लाडू भरून दिले. आईने झाकण उघडलं, परत लावलं. सोमवारी लाडू कामाच्या मावशींकडे गेले. ती एक शब्द बोलली नाही, मीच काय ते समजले. पुढच्या खेपेपासून परतीच्या गाडीत मी लाडू संपवायला लागले. ठाण्याला उतरून नळाखाली डबा विसळायचा, रुमालाने पुसायचा. कडीच्या खाचेत तूप अडकायचं, ते नखाने काढावं लागायचं.

"आईला आवडले का गं?" आजी विचारायची.

"हो. म्हणाली, बेसन छान खमंग भाजलंय."

ही पुस्ती जोडायची काय गरज होती? आजी इतकी खूश झाली की चाराचे सहा झाले, सहाचे आठ. कोपरखैरणे ते ठाणे वीसेक मिनिटांत आठ लाडू खाऊन बघा एकदा. मग पिना-टिकल्या विकणाऱ्या एका मावशीला चार द्यायला लागले. तिने एकदा विचारलं, "तुमच्या घरात कोणी गोड खात नाही का?"

आजी २०१६मध्ये गेली. आपले लाडू सुनेला आवडतात, हे ती शेवटपर्यंत शेजारणींना सांगत होती. सून म्हणायची, माजी नाही.

मागच्या महिन्यात आईकडे माळा आवरताना तो डबा सापडला. मी घासायला घेतला. आई ओट्याशी लसूण सोलत होती.

"तुझ्या आजीने यातून एकदा लाडू पाठवले होते. मग कधीच नाही. डबा रिकामाच यायचा."

मी नळ जरा मोठा सोडला.

"मावशींना दिले, ते तू तिकडे सांगितलंस ना? मी कधी विचारलं नाही तुला. लहान होतीस."

पंधरा-सोळा वर्षं ती हे धरून होती, आणि तरी दर पंधरवड्याला डबा भरून देत होती.

"आठवत नाही गं," मी म्हटलं, आणि कडीच्या खाचेत नख घातलं. तिथे काहीच नव्हतं.