टाइप रेटिंग झालं, पण लॉगबुकने अकरा आठवडे खाल्ले

ए३२० विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानाच्या मेंटेनन्ससाठी लायसन्सवर मिळणारी नोंद, म्हटलं की सगळे थिअरीचीच भीती घालतात. ग्रीन, ब्लू, यलो अशा तीन हायड्रॉलिक सिस्टिम, ३००० पीएसआय, ग्रीन-यलोमधलं पॉवर ट्रान्सफर युनिट, घोकलं आणि झालो पास. अडकलो प्रॅक्टिकलच्या लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीत, तेही एका ओळीवर.

काम साधं होतं, एटीए २९ (मॅन्युअलमधलं हायड्रॉलिकचं प्रकरण), हाय प्रेशर फिल्टर बदलणे. फिल्टर तुंबल्याचं दाखवणारं लाल बटण बाहेर आलेलं, सिस्टिमचं प्रेशर काढलं, जुना एलिमेंट काढून नवा टाकला, सील नवे, टॉर्क केलं, प्रेशर देऊन लीक चेक. देखरेख करणारे सर शेजारी उभे होते, त्यांनी टास्क कार्डवर, म्हणजे त्या कामाच्या कागदावर, सही केली. लॉगबुक मात्र मी 'नंतर भरू' म्हणून ठेवून दिलं आणि दोन महिन्यांनी एका बैठकीत सगळं भरलं.

लायसन्सिंग सेक्शनमधून ते परत आलं, वर फक्त शिक्का, 'अपूर्ण'. काय अपूर्ण ते नाही. मी सगळ्या सह्या तपासल्या, परत दिलं, तीन आठवड्यांनी पुन्हा तोच शिक्का. तिसऱ्यांदा काउंटरवरून हललोच नाही, तेव्हा मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं, "काम आधीचं आणि मॅन्युअलची रिव्हिजन (आवृत्ती) नंतरची कशी?" बरोबर होतं हो त्यांचं, भरताना समोर जी रिव्हिजन दिसली तीच मी उतरवली होती. पण हे त्यांनी पहिल्याच दिवशी शिक्क्याशेजारी पेन्सिलने लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

मग रेकॉर्ड्समधून जुन्या टास्क कार्डची कॉपी काढा, तोवर सरांची दुसऱ्या स्टेशनवर बदली झालेली, त्यांच्या सहीसाठी लॉगबुक कुरिअरने पाठवा आणि वाट बघत बसा. व्हाइटनर चुकूनही लावू नका, एक सरळ रेघ मारून शेजारी बरोबर ते लिहायचं, सही आणि तारीख.

आता मी टूल्स परत केल्याशिवाय आणि ओळ भरल्याशिवाय हँगर सोडत नाही. टास्क नंबर आणि रिव्हिजन कार्डवरूनच उतरवतो, सही त्याच शिफ्टला घेतो, सर कितीही घाईत असोत.

हां, आणि हे आधीच सांगायला हवं होतं, फिल्टर उघडताना गॉगल घाला. ते जांभळं स्कायड्रॉल, म्हणजे हायड्रॉलिकचं तेल, डोळ्यात गेलं की लॉगबुक वगैरे काही सुचत नाही, थेट आय वॉश गाठावा लागतो.