पणजोबांच्या व्यवसायाचा रकाना

आमच्या घरात पणजोबांविषयी तीनच वाक्ये सांगितली जात असत. ते भुसावळला जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत रंगारी होते, तेथील चर्चच्या भिंती आणि भिंतींवरची वचने त्यांनी रंगवली होती, आणि छप्पन्नच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० च्या) दुष्काळात पोरके झाल्यामुळे मिशनने त्यांना वाढवून त्यांच्या हाती कुंचला दिला होता. पहिल्या दोन वाक्यांविषयी मला कधी शंका नव्हती. तिसरे मात्र पटत नव्हते, कारण अमळनेरला राहणाऱ्या माझ्या आत्यांनी जपून ठेवलेल्या त्यांच्या पेटीत खारीच्या केसांच्या दोन कुंचल्यांबरोबर एक तेलकट कागद होता. त्यावर कमळवेलीची पट्टी काढलेली होती आणि रेषेरेषेवर सुईने बारीक भोके पाडलेली होती. असा कागद, म्हणजे खाका, भिंतीवर धरून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली, की भोकांमधून नक्षी भिंतीवर उतरते. एकतीस वर्षे चित्रकला शिकवलेल्या माणसाला एवढे निश्चित कळते, की ती वेल मिशनच्या शाळेतली नव्हती. ती देवळांच्या आणि वाड्यांच्या भिंतींवरून आलेली होती.

निवृत्तीनंतर मी शोध सुरू केला तो आत्यांपासूनच, आणि ज्यांना असे काम करायचे असेल त्यांनीही घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीपासूनच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. आत्या तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी वर्षे सांगितली नाहीत, पण पणजोबांच्या स्वभावाविषयी एक वाक्य सांगितले, "त्यास्ले रंगना वास चाले, बोलनं चाले नही." काम चालू असताना परांचीखाली कोणी बोलत उभे राहिले, तर ते कुंचला खाली ठेवून देत.

रेल्वेच्या नोकरीचे कागद मिळाले नाहीत. संबंधित कार्यालयाने इतक्या जुन्या सेवापुस्तिका मुदत संपल्यावर नष्ट केल्याचे कळवले आणि तो मार्ग तेथेच संपला.

चर्चमध्ये मात्र पाळकसाहेबांनी आणि कमिटीने लेखी अर्ज घेऊन रजिस्टरे पाहू दिली. अँग्लिकन पद्धतीच्या बाप्तिस्मा-रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, आईवडिलांची नावे आणि राहण्याचे ठिकाण यांच्या शेजारी वडिलांच्या व्यवसायाचा स्वतंत्र रकाना असतो. मला त्याच रकान्याने वाट दाखवली. आमचे आडनाव एकदा गावावरून, एकदा पणजोबांच्या वडिलांच्या नावावरून आणि एकदा ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिलेले होते, त्यामुळे आडनावाने शोधत राहिलो असतो तर काहीच हाती आले नसते. पणजीचे नाव आणि रेल्वे चाळीचा पत्ता जुळवत गेल्यावर तीन मुलांच्या नोंदी सापडल्या. १९१० च्या नोंदीत वडिलांचा व्यवसाय 'रेल्वे पेंटर' होता, १९१३ मध्ये नुसता 'पेंटर', आणि १९१८ मध्ये 'पेंटर आणि डेकोरेटर'. आठ वर्षांत वाढलेल्या त्या एका शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो, कारण तो शब्द बहुधा त्यांनीच सांगून लिहवून घेतलेला असणार.

लग्नाची नोंद मिळणे अवघड गेले, कारण त्या वर्षांच्या रजिस्टरला वाळवी लागली होती. पुढे मला कळले, की मुंबई इलाख्यातील अशा नोंदींच्या प्रती बिशपच्या कार्यालयामार्फत लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात 'एन/३' या मालिकेत आहेत. त्यांत बहुतांश नोंदी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या आहेत, परंतु भारतीय ख्रिस्ती कुटुंबांच्याही काही सापडतात. पणजोबांच्या लग्नाची १९०८ ची नोंद तेथे मिळाली. ती कारकुनाने केलेली नक्कल असल्यामुळे पणजोबांचे हस्ताक्षर पाहायला मिळाले नाही याचे दुःख झाले, पण वय बावीस लिहिलेले होते, त्यांच्या वडिलांचे नाव होते आणि मूळ गाव एरंडोल तालुक्यातले होते. या तीन गोष्टींमुळे शोध चर्चच्या बाहेर, गावाच्या दप्तरापर्यंत पोहोचला.

येथे एक सूचना करावीशी वाटते. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे विभाजन १९०६ मध्ये झाले, आणि त्यापूर्वी संपूर्ण जिल्ह्याचे मुख्यालय धुळे होते. ही गोष्ट शाळेत शिकवूनही कागद शोधताना माझ्या ध्यानात राहिली नाही, आणि त्यामुळे जळगावात मी कित्येक महिने नुसते हेलपाटे घातले. गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात आणि महसुली भाषेत जी गाव नमुना १४ आहे, ती मात्र तहसीलच्या अभिलेख कक्षात होती. जुनी पाने मोडीत होती. मला मोडी अक्षरे लागत नव्हती, म्हणून रीतसर नक्कल घेऊन ती धुळ्यातील एका मोडी जाणकारांकडे नेली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी अखेरची वर्षे ज्या शहरात काढली, तेथे जुने दप्तर आस्थेने वाचणारी माणसे अजूनही भेटतात. त्यांनी भिंगाखाली बोट सरकवत मला वाचून दाखवले. पणजोबांच्या वडिलांचा मृत्यू १९०० च्या उन्हाळ्यात झाला होता, कारण पटकी, जात जिनगर, आणि जातीपुढे वेगळ्या शाईने 'चितारी' असा शब्द होता.

म्हणजे घरातले तिसरे वाक्य अर्धे खरे होते. दुष्काळाच्या त्या वर्षी मुलगा खरोखरच बापाविना झाला, पण तेव्हा तो सुमारे चौदा वर्षांचा होता, आणि चिताऱ्याच्या घरातला चौदा वर्षांचा मुलगा तोवर रंग वाटणे, खाका झाडणे, सरळ पट्टी ओढणे हे सर्व शिकून झालेला असतो. मिशनने त्याला अन्न, छप्पर आणि अक्षरे दिली, आणि त्याबद्दल आमच्या कुटुंबाची कृतज्ञता कमी होण्याचे कारण नाही. हात मात्र त्याने घरून आणला होता.

एवढ्यावर शोध थांबला असता, तर मला एक वंशावळ मिळाली असती, पण पणजोबा रंगारी म्हणून कसे होते हे कळले नसते. ते कळले चर्चच्या हिशेबाच्या वहीतून. पाळकसाहेबांनी कपाटातून ती वही काढली तेव्हा तिच्यात पाहण्यासारखे काही नाही असे ते म्हणाले होते. १९२४ च्या पानांवर दुरुस्तीचा खर्च रुपये-आणे-पैंत लिहिलेला होता, त्यात कळीचा चुना, सरस, हिरमंजी (लाल माती), पिवळी माती, नीळ, जवसाच्या तेलाच्या तीन बाटल्या, वर्खाच्या पुड्या, बांबू, सुतळी आणि मजुरी अशा नोंदी होत्या. ज्याने रंग हाताळला आहे त्याला ही यादी वाचता येते. चुना इतका आणि तेल इतके थोडे, याचा अर्थ भिंती चुन्याच्याच होत्या आणि तेल दारांसाठी व अक्षरांसाठी होते. चुन्यात प्रत्येक रंग टिकत नाही, प्रशियन निळा तर काही दिवसांत उडून जातो. मातीचे लाल-पिवळे रंग आणि नीळ तेवढी राहते, आणि पणजोबांनी नेमकी तीच मागवली होती. वर्ख छतासाठी पुरण्याजोगा नव्हता, म्हणजे तो वेदीमागच्या वचनाच्या अक्षरांना लावला असला पाहिजे. त्यासाठी कढवलेल्या तेलात पिवळी घोटून अक्षरे भरतात आणि ती जवळजवळ सुकेपर्यंत थांबतात. बोटाचे पेर टेकवून उचलताना रंग बोटाला न लागता बारीक 'चट' असा आवाज आला, की वर्ख ठेवायची वेळ झाली. काम चालू असताना कोणी बोललेले त्यांना का चालत नसे, ते मला या पानावर समजले.

ती अक्षरे आज नाहीत. काही वर्षांपूर्वीच्या नूतनीकरणात कंत्राटदाराने वेदीमागची भिंत खरवडून पुट्टी भरली आणि वर प्लॅस्टिक रंग दिला, आणि त्याआधी कोणी एक छायाचित्रही काढले नाही. याचा मला फार त्रास झाला आणि अजून होतो. शिवाय चुन्याच्या भिंतीतली ओल प्लॅस्टिक रंगाखाली कोंडली गेल्यामुळे आता तेथे लोणा फुटून पोपडे पडतात, जे चुन्याच्या हाताने कधीच झाले नसते. कमिटीच्या परवानगीने मी पाळकांच्या खोलीत कपाटामागे वीतभर जागा ब्लेडने हळूहळू मोकळी केली. वरचे चार थर गेल्यावर पांढऱ्या चुन्यावर दोन बोटे रुंदीची हिरमंजीची पट्टी आणि तिच्याखाली पिवळी रेघ निघाली. कमळवेल मिळाली नाही. रेघ मात्र सुतात होती, मी स्वतः पट्टी धरून पाहिली.

त्या वहीत मजुरीच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, ती मी पहिल्यांदा वाचताना सोडून दिली होती, 'पेंटरचा मुलगा, मदतीस, ९ दिवस, रोज २ आणे'. १९१३ मध्ये बाप्तिस्मा झालेले माझे आजोबा, म्हणजे आत्यांचे दादा, तेव्हा अकरा वर्षांचे होते. त्यांनी जन्मभर रेल्वेत तिकिटे तपासली आणि आम्हां नातवंडांसमोर कधी कुंचला हातात धरला नाही. आत्यांना मी ती ओळ दोनदा वाचून दाखवली. त्यांनी पेटी मागवली, त्या कागदाची घडी उलगडली आणि कडेच्या एका ठिकाणी बोट ठेवले, जेथे भोके वाकडीतिकडी आणि फार जवळजवळ पडलेली होती. "हे दादांचं काम असणार," त्या म्हणाल्या.