माथारेतली नाचणीची आंबील

केनियातल्या नैरोबीहून येऊन दोन महिने होत आले तरी चर्चमधली उपासना सुटल्यावर कोणी ना कोणी थांबवून विचारतंच, "काय गं, तिकडच्या मुलांना काय काय शिकवलंस?" मला नीट उत्तर देता येत नाही, कारण डोळ्यासमोर येते ती स्वयंपाकघरातली मामा. तिकडे मामा म्हणजे आई, मोठ्या बाईला मानाने तसंच म्हणतात.

आमच्या तरुण संघातले आम्ही नऊ जण ऑगस्टमधे दोन आठवडे माथारेतल्या एका चर्चमधे मुलांसाठी मदतीला गेलो होतो. दहा दिवस आधी यलो फीव्हरची लस, मग मुंबईहून थेट विमान, सहा तासात नैरोबी. माथारे ही तिथली जुनी मोठी झोपडपट्टी, नदीच्या दोन्ही अंगाला पत्र्याची घरं एकाला एक चिकटून, पाणी पिवळ्या जेरीकॅनने विकत आणायचं. २०२४ च्या एप्रिल-मे मधे नदीला पूर आला तेव्हा काठावरची घरं गेली, मग नदीलगतची बरीच सरकारने पाडली. आमच्याकडे येणारी कितीतरी मुलं त्याच काठावरची होती.

ऑगस्ट का, तर तेव्हा शाळांना सुट्टी असते. आणि ज्या पोराला दिवसातलं एकच पोटभर जेवण शाळेत मिळतं त्याला सुट्टी लागली की जेवणालाच सुट्टी, हे मला तिथे जाईपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. म्हणून तिथलं चर्च सुट्टीभर मुलांना बोलावतं, सकाळी ऊजी म्हणजे पिठाची पेज, मग गाणी, बायबलमधल्या गोष्टी, थोडं लिहिणं-वाचणं आणि दुपारी गिथेरी म्हणजे मका आणि राजम्यासारखे दाणे एकत्र शिजवलेले. दाणे आदल्या रात्रीच भिजत घालायचे, पहाटे चूल पेटवायची, हे सगळं मामाचं काम.

ऊजीचा पहिला घोट घेतला आणि मला आजीच आठवली! विम्बीच्या पिठाची पेज, विम्बी म्हणजे आपली नाचणी, फक्त ताकाऐवजी साखर. तिथे असं सारखं व्हायचं, साबणाला साबुनी, गाडीला गारी, पैशाला पेसा, हिशोबाला हेसाबू, काही आपल्याकडून तिकडे गेलेले, काही दोन्हीकडे अरबीतून आलेले शब्द. मुलं आम्हाला बघून मुहिंदी मुहिंदी ओरडायची, भारतीय माणूस त्यांना नवीन नाही, १८९६ पासून मोंबासाची रेल्वे बांधायला आपल्याकडून तीस हजारांवर मजूर नेले होते ना.

माझ्याकडे ऊजी वाटायचं काम होतं आणि नियम होता की इथेच बसून प्यायची, बाहेर न्यायची नाही. पिवळ्या स्वेटरची एक मुलगी, सात-आठ वर्षांची असेल, रोज अर्धा मग प्यायची आणि उरलेली एका छोट्या बाटलीत ओतायची. अगदी हळू, एक थेंब सांडू न देता. तिसऱ्या दिवशी मी तिच्या हातातली बाटली काढून घेतली. ती रडली नाही, भांडली नाही, नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली. मामाने आतून बघितलं, हात पुसत आली, बाटली माझ्याकडून घेऊन काठोकाठ भरली, झाकण लावून तिला दिली आणि मग मला म्हणाली की घरी धाकटा भाऊ आहे, त्याला अजून चालता येत नाही. ते झाकणसुद्धा मामानेच शोधून दिलेलं होतं. त्या रात्री मी प्रार्थनेला बसले तर शब्दच सुचेनात, खूप वेळ नुसती रडले.

तिथल्या शिक्षिकेनेही आम्हाला मोठी गोष्ट शिकवली. पहिल्याच दिवशी तिने फळ्यावर दहा चौकोन काढले, रोज एका मुलाने एक चौकोन खोडायचा, म्हणजे हे दादा-ताई कधी जाणार ते सगळ्यांना आधीपासून माहीत. आणि आम्हाला बजावलं, परत येऊ असं कोणाला म्हणू नका, मागे आलेले लोक म्हणून गेले आणि मुलं वाट बघत राहिली. मुलांना कडेवर घेऊन फोटो काढायलाही तिने मनाई केली होती. आमच्यातल्या काहींना ते लागलं, पण मला वाटतं तिचं शंभर टक्के बरोबर होतं. आपण दोन आठवडे जीव लावतो आणि निघून येतो, ती मात्र तिथेच असते, वर्षभर. आपल्या मंडळीतून कोणी जाणार असेल तर खेळण्यांच्या बॅगा भरण्याआधी तिथल्या माणसांना विचारा की तुम्हाला काय हवंय, आणि ते सांगतील तेच करा.

आम्ही निघताना विचारलं तर मामा म्हणाली पीठ, आणि मदतीला एक बाई, पगारावर. तरुण संघाने आता दर महिन्याला त्याचे पैसे पाठवायचं ठरवलंय. पहिले पैसे सप्टेंबरमधे गेले. चार दिवसांनी मामाचा व्हॉइस मेसेज आला, मागे भांड्यांचा आवाज आणि ती एवढंच म्हणाली, "उंगा उमेफिका." पीठ पोचलं.