ग्रॅव्हल बाइकचे टायर ट्यूबलेस केले, माझा अनुभव (आधी टेप मोजा!!)

आधीच सांगून टाकते, रिमची आतली रुंदी मोजल्याशिवाय टेप (रिममधली स्पोकची भोकं झाकून हवा अडवणारी चिकटपट्टी) लावू नका. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल. मी मोजली नाही आणि त्यापायी चार संध्याकाळी, एक रविवारची राइड आणि बाथरूमच्या फरशीवर न निघणारे पांढरे डाग एवढं सगळं भोगलं.

मुळात हे करायची वेळ का आली, तर मी वर्षभर ट्यूब घालूनच ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल) चालवत होते. डोंगरातले कच्चे रस्ते, मग झाडीतून खाली उतरून नदीकाठाची जुनी चाकोरी, असल्या वाटांवर हवा जास्त भरली की टायर खडीवरून नुसता उड्या मारतो आणि तासाभरात हात बधिर होतात. कमी भरली तर दगडाची कड आणि रिमच्या मधे ट्यूब चिमटते, शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. एका उतारावर एकाच सकाळी हे दोनदा झालं. इतकं शांत जंगल, लांब कुठेतरी पाण्याचा आवाज, आणि मी दगडावर बसून पॅच घासतेय! त्या दिवशी ठरवलं, बास, ट्यूबलेस. चिमटायला आत ट्यूबच नको.

पुढचं चाक अर्ध्या तासात झालं. रिमला टेप आधीपासून होती, टायर चढवला, हवा भरली, ठण् ठण् आवाज करत बीड (टायरची कड) रिमला बसलं, सीलंट (बारीक भोकं आतून बुजवणारं पातळ द्रव) घातलं, संपलं. मला वाटलं लोक उगाच बाऊ करतात.

मग मागचं चाक.

त्याची टेप जुना टायर काढताना लिव्हरने फाटली होती. ग्रुपमधल्या एका मित्राकडे रोड बाइकच्या चाकाची टेप उरलेली होती, म्हटलं टेप म्हणजे टेप, नवीन कशाला मागवायची. (इथेच माती खाल्ली पण ते कळायला चार दिवस गेले.) स्पिरिटने रिम पुसली, व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरुवात केली, ताणून दोन वेढे दिले, दिसायला एकदम छान.

पहिल्या संध्याकाळी बीड बसेचना. पंप मारतेय मारतेय आणि हवा सगळ्या बाजूंनी फुस्स. टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात पडलेली असते, तिथून हवा निघून जाते, त्यामुळे निघते त्याहून जास्त हवा एकदम आत गेली तरच कड वर चढून बसते. साध्या पंपाने ते होतंच असं नाही. पन्नास-साठ स्ट्रोकनंतर खांदे गेले. धाकटा भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "ताई, ट्यूब टाक आणि झोप." मी ऐकायला हवं होतं का? नाही, पण त्या क्षणी त्याला पंप फेकून मारावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी अक्कल आली. व्हॉल्व्हचा कोर (आतला सुटा होणारा भाग) काढून टाकायचा, म्हणजे हवेला वाट मोठी मिळते, आणि कडेला साबणाचं पाणी लावायचं. त्याच भावाने आधी हवा साठवून एकदम सोडणारा बाटलीवाला बूस्टर कुठूनतरी आणला, आणि पहिल्याच झटक्यात ठण्! मी अक्षरशः नाचले. (बूस्टर किंवा कॉम्प्रेसर वापरताना प्रेशरवर डोळा ठेवा, हुकलेस रिम (आतल्या कडेला टायर पकडणारा आकडा नसलेली) असेल तर मर्यादा 5 बार म्हणजे साधारण 72 पीएसआय, टायरवर त्याहून कमी लिहिलं असेल तर तेवढीच.) मग साठ एमएल सीलंट, चाक गोल फिरवलं, दोन्ही कुशींवर आडवं ठेवलं, झोपले.

सकाळी टायर सपाट.

आता खरी गंमत. साबणाचं पाणी ओतलं तर बुडबुडे व्हॉल्व्हच्या बुडाशी. म्हणजे व्हॉल्व्हच खराब, बरोबर? व्हॉल्व्ह बदलला. परत सकाळी सपाट. मग व्हॉल्व्हला रिमवर धरणारी चकती पकडीने आवळली, जी कधीच आवळू नये कारण वाटेत ट्यूब घालायची वेळ आली तर ती हाताने सुटायला पाहिजे. अजून तीस एमएल सीलंट ओतलं. परत सपाट. दोन दिवस मी त्या एका भोकाशी भांडत होते आणि गळती तिथे नव्हतीच! रिम आतून पोकळ असते. हवा टेपच्या कडेने कुठूनही त्या पोकळीत शिरते आणि बाहेर मात्र निघते सोपी वाट असेल तिथून, म्हणजे व्हॉल्व्हच्या भोकातून नाहीतर स्पोकच्या निपलमधून (स्पोक रिमला धरणारा छोटा नट). बाहेरून बुडबुडा दिसतो ती जागा म्हणजे चोर नव्हे, चोराने वापरलेलं दार. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर! पाच मिनिटांत टायर बसवून दाखवणारे सगळे व्हिडिओ पाहिले, एकाही पठ्ठ्याने सकाळी काय होतं ते दाखवलं नाही.

चौथ्या संध्याकाळी पलीकडच्या बाजूच्या एका निपलवर फेस दिसला तेव्हा ट्यूब पेटली. टायर उघडला, सगळीकडे दुधासारखं सीलंट, नाकात तो अमोनियासारखा वास, आणि टेप मोजली तर 21 मिमी. रिम आतून 25. आणि हे 25 रिमवर छापलेलं होतं हो, 622x25, चार दिवस माझ्या नाकासमोर! टेप आतल्या रुंदीपेक्षा दोनचार मिमी जास्तच लागते, दोन्ही बाजूंना बीडच्या खाली जाईल एवढी. माझी दोन्ही बाजूंनी उघडी होती.

बरोबर टेप येईपर्यंत रविवार गेला. ग्रुपवाल्यांनी नदीत सायकली धरून उभे असलेले फोटो पाठवले, मी "मस्त" असं लिहून फोन उलटा ठेवला.

नवीन टेप लावल्यावर एक युक्ती केली ती सांगते, ट्यूब घालून टायर चढवला, फुगवून रात्रभर ठेवला, त्याने टेप दाबून घट्ट बसते. सकाळी एकाच बाजूची कड उघडून ट्यूब काढली, दुसरी बाजू बसलेलीच होती, त्यामुळे साध्या पंपाने काम झालं. व्हॉल्व्हसाठी टेपला भोक पाडताना कटरने चीर देऊ नका, ती पसरत जाते, टोच्याने बारीक गोल भोक पाडा.

दुसऱ्या सकाळी अंगठ्याने दाबून बघितलं. कडक! कोणाला सांगू असं झालं.

पुढच्या राइडला हवा कमी केली, 40 मिमीचा टायर, माझं वजन 62 किलो, पुढे 28 मागे 31 पीएसआय. तुमचं वजन वेगळं तर आकडा वेगळा, माझा उचलू नका. उतारावर सुकलेल्या पानांखालचे दगड दिसत नाहीत, ते आधी हातात लागायचे, आता टायर गिळून टाकतो. नदी ओलांडल्यावर काही अंतरावर मागून चर्र आवाज आणि पोटरीवर पांढरे थेंब. थांबले, चाक फिरवून भोक खाली आणलं, वीस-पंचवीस सेकंदांत आवाज बंद. अर्धा मिनिट नुसती बघत उभी होते. चार संध्याकाळचा राग तिथे जवळजवळ गेला, पूर्ण नाही.

राहिलंच, पाण्यातून आल्यावर डिस्क ब्रेक दोनदा हलके दाबून घ्या, मग उतार पकडा. सुटी ट्यूब आणि प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) बरोबर असू द्याच, मोठी चीर सीलंटला झेपत नाही. हवा भरायला सीओटूची (कार्बन डायऑक्साइड) छोटी नळी वापरली तर घरी आल्यावर सीलंट बघा, काही सीलंटचे त्याने गोळे होतात. आणि तसंही ते काही महिन्यांत सुकतंच, मी सीटच्या खाली तारखेची पट्टी चिकटवलीये. मागच्या चाकापुरती. पुढच्याचं कधी घातलं होतं ते आता आठवत नाहीये, बघते उद्या उघडून.