आमची वाटचाल: केबल ओढण्यापासून राउटरचा ताप बघण्यापर्यंत

कोणी विचारलं की तुमचा धंदा नेमका काय, तर मी सांगतो की राउटरचा ताप बघतो. अकोल्यात हे लोकांना लगेच पटतं, कारण एप्रिल-मे मध्ये इथे माणसाला, म्हशीला, मोटरसायकलच्या सीटला सगळ्यांनाच ताप असतो आणि पारा ४५ च्या वर गेला तरी कोणी विशेष बोलत नाही.

सुरुवात २००६ ची. मी आणि माझा मामेभाऊ, एक क्रिंपिंग टूल (केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायचा पकड), एक शिडी आणि मामांची जुनी लुना एवढंच भांडवल. आधी केबल टीव्हीच्या लाईनी ओढायचो, मग ऑफिसांमध्ये लॅन, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं जाळं, टाकायला लागलो, आणि मग ज्यांच्याकडे लॅन टाकलं ते म्हणायला लागले की आता सांभाळा पण तुम्हीच. अशी एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीची कंत्राटं, सुरू झाली. पतसंस्था, कृषी सेवा केंद्रं, दोन ज्युनिअर कॉलेज, आणि सरकी-कापसाचा मुलूख असल्यामुळे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टऱ्या. गिऱ्हाईक वाढलं तसे फोन वाढले, आणि फोन कधी यायचे तर बरोब्बर दुपारी २ ते ५ मध्ये. "भाऊ, नेट गेलं." आम्ही उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून जायचो, राउटर बंद-चालू करायचो, चालू व्हायचा. संध्याकाळी काहीच प्रॉब्लेम नाही. एक संचालक साहेब तर म्हणाले होते, तुम्ही आले की चालते आणि तुम्ही गेले की बंद पडते, म्हणजे तुम्हीच काही करून ठेवून राह्यले का? 😀

आम्ही राउटरवर हात ठेवून बघायचो. गरम लागायचा. पण उन्हाळ्यात तर टेबलपण गरम लागतो, त्याच्यावरून काय ठरवणार. शिवाय ते दिवस लोडशेडिंगचे. लाईट गेली की राउटर आणि नेटवर्क स्विच (ज्या डब्यात सगळ्या केबली येऊन मिळतात तो) इन्व्हर्टरवर चालू राहायचे आणि खोलीतला पंखा नाहीतर एसी मात्र बंद. म्हणजे बंद खोलीत भट्टी पेटलेली ठेवायची आणि खिडकी लावून घ्यायची. हे आज सांगताना सोपं वाटतं, तेव्हा आम्हाला हे कळायला चार वर्षं लागली, कारण आम्ही पोचेपर्यंत लाईट आलेली असायची.

२०११ मध्ये पुण्यात नोकरीला असलेल्या एका मित्राने सांगितलं की अरे राउटर स्वतःच सांगतो त्याचं टेम्परेचर, विचारलं तर. एसएनएमपी, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांना दुरून हालहवाल विचारायची ठरलेली भाषा. नाव ऐकलेलं होतं, मोठ्या लोकांची गोष्ट आहे म्हणून सोडून दिलेलं. वास्तविक हा प्रोटोकॉल १९८८ चा, म्हणजे आम्ही चड्डीत होतो तेव्हापासूनचा. समजायला सोपा आहे. राउटरच्या आत एक झाड कल्पा, प्रत्येक पानाला एक लांबलचक नंबर, त्याला ओआयडी म्हणतात. तुम्ही यूडीपीच्या (पोच न घेता निरोप टाकायची पद्धत) १६१ नंबर पोर्टवर, म्हणजे दारावर, जाऊन म्हणायचं, बाबा हा परवलीचा शब्द आणि ह्या नंबरच्या पानावर काय लिहिलंय सांग. तो एक आकडा परत देतो. संपलं. १.३.६.१.४.१ इथपर्यंत सगळ्यांचं सारखं, त्यापुढे कंपनीचा नंबर, सिस्को ९, मायक्रोटिक १४९८८, आणि त्याच्यापुढे ज्याने त्याने आपापल्या घरात सामान कुठे ठेवलंय त्याप्रमाणे. सगळ्या कंपन्यांनी एकाच जागी टेम्परेचर ठेवावं म्हणून २००२ मध्ये एक वेगळा एमआयबी, म्हणजे त्या झाडाचा नकाशा, पण निघाला, सेन्सरसाठीच, पण स्वस्तातल्या राउटरांनी तो मनावर घेतलेला मला तरी कमीच दिसला.

मी एका जुन्या पेंटियम कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून एमआरटीजी बसवलं, एसएनएमपीने आकडे विचारून ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर. ग्राफ आला, आणि रेषा जमिनीला चिकटलेली, शून्य. दोन दिवस केबल तपासली, पासवर्ड तपासला, राउटर बदलला. आकडा हाताने विचारला की येतो, ग्राफमध्ये शून्य. मग कळलं की एमआरटीजी मुळात ट्रॅफिक मोजायला बनवलेलं, ते दर ५ मिनिटांनी आत्ताच्या आकड्यातून मागचा आकडा वजा करून दर काढतं. टेम्परेचर ५८ होतं आणि ५८ च राहिलं तर वजाबाकी शून्यच येणार ना! कॉन्फिगमध्ये गेज, म्हणजे वजाबाकी नको, आकडा आहे तसाच दाखव, एवढा एक शब्द टाकायचा होता. ज्यांनी ज्यांनी हे काम केलंय ते सगळे इथे एकदा पडलेले असणार.

रेषा आली, तर आमचा तेव्हाचा नवीन पोरगा ओरडतच आला, "दादा, राउटर ५८० डिग्रीवर आहे, वितळला की!" मायक्रोटिक दहापट आकडा देतो, ५८० म्हणजे ५८.०. दशांश चिन्ह त्या झाडावर मावत नाही म्हणून असं करतात. त्या पोराला पुढे वर्षभर सगळे पाचशेऐंशी म्हणायचे, आता तोच आमचा सीनियर आहे आणि मीच त्याला विचारून काम करतो. एमआरटीजीला एका ग्राफमध्ये दोन आकडे लागतातच, मग दुसऱ्यात आम्ही बॅटरीचं व्होल्टेज लावलं, तेपण दहापटच येतं. एवढं करून पंधरा दिवसांत जे दिसलं ते बघून मला अक्षरशः हसू आलं. लाईट कधी गेली, कधी आली ते सगळं त्या रेषेत होतं. लाईट गेली की व्होल्टेज हळूहळू खाली आणि टेम्परेचर वर, आली की उलट, करवतीचे दात असतात तसं. महावितरणचं वेळापत्रक बघायची गरजच राहिली नाही.

धंदा खरा बदलला तो एका रविवारमुळे. पतसंस्थेचं नाव नको. शनिवारी रात्री दोन मिनिटं लाईट गेली आणि आली, एवढंच. सर्व्हर रूममधला एसी असा होता की लाईट आली तरी आपोआप चालू व्हायचा नाही, कोणीतरी रिमोट दाबायला लागायचा, आणि रिमोट कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये, आणि कॅशियर साहेब लग्नाला शेगावला. रविवारी सकाळी ग्राफ बघितला तर ४४ चं ६७ झालेलं. मी मॅनेजरना फोन केला की साहेब एसी बंद पडलाय तुमचा. ते म्हणाले, तुम्ही ब्रँचमध्ये आहात का? म्हटलं नाही, घरी आहे, पोहे खातोय. शटर उघडून बघितलं तर खरंच बंद. सोमवारी त्यांनी बाकीच्या सगळ्या ब्रँच आमच्याकडे दिल्या. ६ ब्रँच, एका पोह्याच्या प्लेटमध्ये.

पण लगेच हुशारी अंगाशी आली. ६५ च्या वर गेलं की एसएमएस, असं लावून ठेवलं. एका रात्री एक राउटर ६५ आणि ६४ च्या मध्ये झुलत राहिला, आणि सकाळपर्यंत माझ्या फोनवर ४० च्या वर मेसेज. बायको म्हणाली, अहो, एकतर तो राउटर बंद करा नाहीतर हा फोन. तेव्हापासून वर जाताना ६५ ला ओरडायचं पण ६० च्या खाली आल्याशिवाय गप्प झालो म्हणायचं नाही, आणि लागोपाठ तीन वेळा वर दिसलं तरच ओरडायचं. राउटर स्वतःहून जो ट्रॅप पाठवतो त्याच्या भरवशावर मी नाही राहत. तो एकदाच येतो, यूडीपीवर, वाटेत हरवला तर हरवला, आणि जो तापाने फणफणलाय तो चिठ्ठी पाठवेल ही अपेक्षाच चुकीची, आपण जाऊन विचारलेलं बरं. २०२१ मध्ये एसएमएसला डीएलटी रजिस्ट्रेशनचं (धंद्याचे मेसेज पाठवायला आधी नोंदणी करायची) लफडं आलं तेव्हा सगळे अलर्ट टेलिग्रामवर नेले, फुकट आणि बिनकटकटीचं.

आता जिनिंगची गोष्ट सांगतो, माझी आवडती. बार्शीटाकळीकडे एक जिन आहे, त्यांचा रॅक, म्हणजे राउटर-स्विच ठेवायचं कपाट, वजनकाट्याच्या केबिनमध्ये. मे महिन्यात तिथे ५४-५५ असायचं, ठीकच म्हणायचं. दिवाळीनंतर ४१. आणि मग नोव्हेंबरभर दर आठवड्याला असं वर वर वर. डिसेंबर उजाडला, रात्री शाली काढल्या लोकांनी, आणि राउटर ५४ वर. ६५ ची लिमिट ओलांडलीच नव्हती त्यामुळे अलर्ट नाही, पाचशेऐंशी सहज ग्राफ चाळत होता म्हणून दिसलं. तो म्हणाला दादा, थंडीत उन्हाळ्याएवढं काहून? गेलो. रॅक उघडला तर पंख्याच्या जाळीवर रुई बसून बसून गोधडी झालेली, अक्षरशः बोटाने सोलून निघाली, आणि राउटरच्या फटींमध्ये कोणीतरी गादी भरल्यासारखं. जिन चालू झाली की हवेत तंतू उडतात, ते पंखा आत ओढतो. कापूस, वीज आणि उष्णता एका डब्यात, काय होऊ शकलं असतं ते जिनवाल्यांना सांगावं लागत नाही. ब्लोअरने साफ केलं, तासाभरात ३९. तिथल्या हमालांनी ब्लोअरला फुकनी नाव ठेवलं, चुलीची असते ना तशी.

त्या दिवसापासून आम्ही नुसत्या आकड्यावर जात नाही. बाहेरचं तापमान आणि राउटरचं तापमान ह्यातला फरक काढतो आणि तो ग्राफ बघतो. बाहेर ४५ आणि राउटर ६२ असेल तर १७ चा फरक, चालतंय. बाहेर १५ आणि राउटर ५४, तर उठा आणि गाडी काढा.

कूलरची गोष्ट उलटी आहे. तेल्हाऱ्याच्या एका गिऱ्हाइकाने आम्हाला न विचारता रॅककडे तोंड करून डेझर्ट कूलर लावला. ग्राफ ९ डिग्री खाली, मी त्यांचं फोनवर कौतुकसुद्धा केलं, आता आठवलं की लाज वाटते. तो भाग खारपाणपट्ट्यातला, जमिनीतलं पाणी खारट. जुलैमध्ये पोर्ट एकेक करून मरायला लागले, उघडून बघितलं तर शिंतोड्यांनी पिनांवर पांढरी मिठाची खपली आणि खाली हिरवट जंग. टेम्परेचर मस्त होतं हो, ३८! स्विच गेला, आणि खर्च अर्धा-अर्धा वाटून घेतला कारण मीच शाब्बास म्हणालो होतो.

ज्या राउटरमध्ये सेन्सरच नाही तिथे रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) आणि डीएस१८बी२० लावतो, तारेवरचा छोटा सेन्सर, तिथलं टेम्परेचर पायमधूनच एसएनएमपीने देतो. ह्याची एक खोड लक्षात ठेवा. त्याला वीज मिळाल्यावर मोजणी पूर्ण व्हायच्या आत विचारलं तर तो सरळ ८५ सांगतो. खरं ८५ नाही, उठल्या उठल्या बडबडतो तसं. आम्ही रात्री ११ ला त्या ८५ साठी मूर्तिजापूर गाठलंय, खोलीत जाऊन बघतो तर मस्त गार, सैल वायर हलत होती. आता ८५.० बरोब्बर आला तर फेकून द्यायचा असं कोडमध्येच आहे.

आणि एक चूक कबूल करायची राहिली. सुरुवातीची दोन-तीन वर्षं आमच्या सगळ्या राउटरांचा परवलीचा शब्द पब्लिक हाच होता, कंपनीकडून येतो तसाच, आणि पोर्ट १६१ सगळ्या जगाला उघडं. एका कॉलेजची लाईन रात्रभर फुल्ल जाते म्हणून शोधलं तर कोणीतरी आमच्या राउटरला खोट्या पत्त्याने छोटे प्रश्न विचारून मोठी उत्तरं तिसऱ्याच्याच माथी मारत होतं. तेव्हापासून १६१ फक्त आमच्या ऑफिसच्या आयपीला (नेटवरच्या पत्त्याला), तेपण टनेलमधून, म्हणजे बाहेरच्याला न दिसणाऱ्या बंद वाटेने, आणि जिथे राउटर झेपवतो तिथे एसएनएमपीचं जास्त सुरक्षित व्हर्जन ३.

आज आम्ही ७ जणं आहोत. एमआरटीजीचा पेंटियम गेला, आता त्याच कामाचं लिब्रेएनएमएस आहे, ग्राफ देखणे आहेत, पण पहाटे चहा घेताना एकेक ग्राफ डोळ्याने चाळायची सवय मी आणि पाचशेऐंशीने सोडलेली नाही. एएमसीच्या करारात आम्ही दोन ओळी वाढवल्यात, रॅकच्या खोलीचा एसी आपोआप चालू होणारा हवा आणि कूलर लावायच्या आधी फोन करायचा. एक गिऱ्हाईक अजून ऐकत नाही, त्यांचा राउटर पत्र्याखालच्या माळ्यावर आहे आणि वास्तूमुळे खाली आणता येत नाही म्हणतात. त्यांच्यासाठी दर उन्हाळ्यात एक राउटर आम्ही जास्तीचाच आणून ठेवतो, बिलासकट.

यंदा दसऱ्याच्या आठ दिवस आधी बार्शीटाकळीच्या जिनवाल्या शेठचा फोन आला. पूर्वी नेट गेलं म्हणून यायचा. ह्या वेळी म्हणाले, "भाऊ, परवापासून जिन चालू करून राह्यलो, तुमची ती फुकनी घेऊन चक्कर मारून जा, ग्राफ वर चढायच्या आधी."